टिल्लीची काच

मास्तर गेले तेव्हा स्टुडिओच्या धाकट्या मालकाने घुबडरावांना बाजूला घेतले. "काका, दोन शब्द तुम्हीच बोला. तुमच्याइतकं त्यांना दुसरं कोण ओळखतं?" घुबडराव हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जास्त धीर लागतो. खुर्च्या मांडल्या गेल्या, माणसे जमली, घुबडराव उभे राहिले. "मास्तर फार चांगले होते. वेळेवर यायचे," इतके बोलून ते खाली बसले. शेजारच्या कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटले, दुःखाने शब्द फुटत नाहीत. खरे कारण साधे होते. सांगण्यासारखे काही माहीतच नव्हते.

सारा जन्म एका भिंतीच्या अल्याडपल्याड काढलेला. मास्तरांना चहात साखर किती लागते, कुठला गुडघा दुखतो, रागावले की कोणत्या कानाची पाळी लाल होते, हे घुबडरावांना पाठ होते. पण या माणसाला झोप लागते का, आणि नाही लागली तर अंथरुणावर पडून तो काय पाहतो, हे त्यांनी कधी विचारले नाही. एकदाच, एका दुपारी, मास्तरांच्या आत काय आहे ते त्यांना दिसले असावे. तेही लाल दिव्याच्या उजेडात. त्या उजेडात पाहिलेले कितपत खरे धरावे, याची त्यांना अजून खात्री नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते फोटो स्टुडिओत रिटचिंग करत. त्या काळी निगेटिव्ह काचेवर असे, आणि निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. चेहरा काळा, केस पांढरे, आणि गालावरचा लाल डाग म्हणजे त्या काळ्यात पडलेले पारदर्शक भोक. मास्तर खिडकीपाशी उतरत्या डेस्कवर काच ठेवत, खालच्या आरशातून तिच्यात उजेड घेत आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने ती भोके हलक्या हाताने भरत. मग काच भिंतीपलीकडे डार्करूममध्ये जाई. तिथे घुबडराव तिच्यावरून फोटो छापत आणि माणूस गुळगुळीत होऊन बाहेर पडे.

घुबडराव हे नावही मास्तरांनीच ठेवलेले. डार्करूममधून बाहेर आले की हे उजेडात डोळे मिचकावत उभे राहत. "या घुबडराव, दिवस उजाडलाय," असे मास्तर एकदा म्हणाले आणि मूळ नाव पगारापुरते उरले.

रस्त्यावरच्या बायका मास्तरांना सोडत नसत. "मास्तर, माझी ती हनुवटीखालची हनुवटी तेवढी काढा हं."

"एकच काढू की दोन्ही?"

एकदा चेहराभर व्रण असलेल्या एका ड्रायव्हरचा फोटो त्यांनी इतका साफ केला, की त्याच्या आईने तो हातात धरून विचारले, "छान आहे रे. पण हा कुणाचा मुलगा?" ड्रायव्हर भांडायला आला आणि चहा पिऊन गेला.

डार्करूमचा एक नियम होता. आत कागद उघडा असताना दाराची फट जरी पडली तरी सगळे काम वाया. म्हणून दारावर टकटक करून विचारायचे, "उघडू का?" आतून "थांबा" आले तर थांबायचे. मोठे मालकसुद्धा घाईत दोनतीनदा चुकले होते. मास्तर कधी चुकले नाहीत. दारापलीकडे काय चालले असेल याचा मान ठेवणारा तो माणूस होता. निदान घुबडरावांना तसे वाटते.

मास्तरांना लग्नानंतर मुलगी झाली. इवलीशी होती म्हणून तिला टिल्ली म्हणत. ती तान्ही असतानाच वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, मोठा ताप आला, अंगावरचे दूध आटले आणि टिल्ली डब्याच्या दुधावर गेली. त्यानंतर तिच्या अंगावर काहीतरी उठू लागले. काय उठले, कुठे उठले, हे घुबडरावांनी नीट पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या लेकराकडे निरखून बघणे त्यांना बरे वाटत नसे.

वहिनींची आई लांबच्या गावी होती. तिने नात पाहिली नव्हती. म्हणून मोठ्या मालकांनी टिल्लीचा फोटो काढून दिला. वहिनी मास्तरांना म्हणाल्या, "तेवढं तोंड स्वच्छ करून द्या हो. आईला उगाच घोर लागेल."

मास्तर ती काच रोज जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसत. डबा न उघडता परत जाई. ड्रायव्हरचा चेहरा ज्यांनी एका बैठकीत निपटला, ते मुठीएवढ्या चेहऱ्यावर इतके दिवस काय करतात, असे घुबडरावांना वाटले. विचारले मात्र नाही. फोटो छापून झाला तेव्हा टिल्ली कापसाच्या बोंडासारखी दिसत होती. तो पोस्टात पडण्याआधीच ती गेली. जुलाब, ताप आणि अशक्तपणा, असे सांगितले गेले. फोटो चौकटीत बसवून घरातल्या भिंतीवर लागला. मास्तर कामावर आले, पेन्सिलीला टोक करू लागले. घुबडरावांनी त्या दिवशी त्यांच्या चहात न विचारता जास्त साखर घातली. सांत्वन म्हणून त्यांच्याकडून एवढेच झाले.

पुढे बरीच वर्षे काही झाले नाही. वहिनींच्या केसांत पांढरे दिसू लागले आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मुलगा झाला. मास्तर आठवडाभर उगीचच खोकत फिरले. तो आनंद होता.

वहिनींना या खेपेला दूध पुरेसे आलेच नाही. पुन्हा डबा आला. आणि पुन्हा, बाळ मान धरायच्या आतच, अंगावर उठले.

घुबडराव बाळाला बघायला गेले ते घाबरतच. घरात वहिनींची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली होती. सगळे तिला मावशी म्हणत. जिभेला हाड नव्हते, पण हात प्रेमळ होते.

"या भावजी," मावशी म्हणाली. "अंधारात दिसतं ना तुम्हाला? मग बघा बाई काही दिसतंय का. इथे उजेडात तीन डॉक्टर झाले, एकालाही दिसत नाही."

पहिला डॉक्टर म्हणाला होता, घामोळे, पावडर लावा. दुसरा म्हणाला, बुरशी; त्याने जांभळे औषध दिले. तिसऱ्याने दुधाचा डबा बदलायला लावला. पुरळ काही दिवस दबल्यासारखे वाटे, की पुन्हा लाल होऊन वर येई. बाळाच्या तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी कातडी लाल, खपल्या धरलेली. बोटांच्या टोकांना नखांच्या कडेने तेच. त्यावर जांभळ्या औषधाचे वाळलेले ओघळ. उशीवर केस गळून पडलेले. आणि रडणे कसले, किरकिर. न थांबणारी, बारीक, लाकडात किडा कुरतडत असावा तशी. खिडकी उघडली की बाळ उजेडाकडून तोंड फिरवी.

"भावजींचाच चेला होणार हा," मावशी म्हणाली. कुणी हसले नाही.

वहिनी बाळाला थोपटत होत्या. मास्तर खिडकीशी उभे होते. ते बाळाकडे बघत नव्हते. ते भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. घरी जाताना वाटभर घुबडरावांना मागून कुणीतरी किरकिरत येत असल्याचा भास होत होता.

बाळाचे वजन उतरू लागले तेव्हा त्याला मोठ्या इस्पितळात नेले. मास्तर म्हणाले, "चला ना जरा बरोबर." कधी काही न मागणारा माणूस. घुबडराव पिशवी धरून मागे मागे गेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळाला पूर्ण उघडे केले, बोटे एकेक करून पाहिली, हनुवटी वर उचलून तोंडाभोवती बोट फिरवले. घाई नाही. "आईचं दूध कधी थांबलं? त्यानंतर किती दिवसांनी उठलं? जुलाब आधी की पुरळ आधी?" वहिनी सांगत गेल्या. मग बाईंनी विचारले, "याच्या आधीचं एखादं मूल?"

"मुलगी होती," वहिनी म्हणाल्या. "गेली."

"तिला असंच काही झालं होतं?"

"नाही. तिचा चेहरा नुसता लख्ख होता."

मावशीची मान वर झाली. "अगं, काहीतरी होतं की. मी आले होते तेव्हा..."

"काही नव्हतं ताई. आई मी का तू? फोटो आहे घरी. उद्या आणते."

मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितले. काही मुलांच्या शरीराला अन्नातले जस्त घेता येत नाही. आईच्या दुधातले कसेबसे घेता येते, डब्याच्या दुधातले नाही. मग ज्या जागी कातडी ओलसर राहते, घासते, तिथे ती फुटते. केस गळतात, जुलाब लागतात, मूल झिजत जाते. असे भावंडांत येऊ शकते. म्हणून पहिलीचे विचारले.

"जस्त?" मावशी म्हणाली. "बादलीला लावतात ते?"

"तेच. पण औषधातलं वेगळं असतं."

"मग द्या की!"

"रक्त तपासायला दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं. उत्तर यायला फार दिवस जातील. आणि अंदाजाने दिलं, त्याने पोट आणखी बिघडलं, तर या बाळात आता सोसायची ताकद नाही. उद्या मोठे डॉक्टर बघतील. ते ठरवतील."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी चौकट आणली, पदरात गुंडाळून. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. ते वाईट गृहस्थ नव्हते, दमलेले होते. "हिला तर काहीच नव्हतं. हनुवटी बघा, हात बघा, स्वच्छ. म्हणजे घराण्यातून आलेलं नाही. कातडीतच जंतू धरले असावेत. आधी ते औषध आठवडाभर देऊन बघू." डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतले. चौकट परत पदरात गेली. बाळ किरकिरत होते, पण आता आवाजातला जोर गेला होता.

घुबडरावांनी मास्तरांना जिन्याशी गाठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्यांचा दंड धरला. "मास्तर, बोलला का नाहीत? काच तुम्ही भरली होतीत. मी छापलीय."

"काय बोलू?" मास्तर म्हणाले. "काहीतरी होतं एवढं मला माहीत आहे. कुठे होतं ते आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही?"

"बाई विचारतील, तोंडाभोवती होतं का? वरच्या ओठावर होतं का? बोटांना होतं का? मी डोळे मिटतो घुबडराव, आणि मला फोटो दिसतो. माझ्याच हातचा. टिल्ली दिसतच नाही. आमच्या हिचंही तेच झालंय. हिनेच सांगितलं होतं साफ करा म्हणून, आणि आता शपथेवर सांगते की काही नव्हतं. ती खोटं बोलत नाहीये." ते एक पायरी उतरले. "काच आहे का हो?"

"आपल्याकडची काच कधी फेकलीय?"

दोघे तसेच स्टुडिओत आले. भर दुपार होती. धाकटे मालक तेव्हा कॉलेजात होते, मोठे मालक जेवायला गेले होते. माळ्यावरच्या लाकडी पेट्या घुबडरावांनी एकेक करून उतरवल्या. धुळीने दोघेही शिंकत होते. जाड कागदाच्या पाकिटात काच सापडली. मास्तरांनी ती कडांनी धरून खिडकीसमोर नेली. काळा चिमुकला चेहरा, पांढरे डोळे. त्यांनी ती डेस्कवर ठेवली आणि कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतले. पेन्सिल त्याने सुटते, खालचे चित्र तसेच राहते. हे त्यांनी शेकडो वेळा केले होते; एखादा चेहरा बिघडला की पुसून पुन्हा भरायचा. पण बोळा काचेपासून बोटभर अंतरावर थांबला आणि तिथेच राहिला.

"मी पुसू का?" घुबडराव म्हणाले.

"नको." मास्तर म्हणाले, "पुसलं की ती परत आजारी पडणार हो."

घुबडरावांनी टर्पेंटाइनच्या बाटलीला बूच लावले.

"तेव्हा मला वाटायचं," मास्तर काचेकडे बघतच म्हणाले, "की इथे एक डाग भरला की घरी एक डाग कमी होत असेल. संध्याकाळी जाऊन आधी तेच बघायचो. शेवटचा भरला तेव्हा वाटलं, झालं, सुटली." ते हसल्यासारखे झाले. "आहे की नाही गंमत? शिकलासवरलेला माणूस."

आणि त्यांनी पुसले. मधोमध नाही, कडेपासून, हळूहळू, जसे झोपलेल्या मुलाचे तोंड पुसतात. कापूस करडा होत गेला. टर्पेंटाइनच्या वासाने घुबडरावांच्या डोळ्यांत पाणी आले. निदान ते वासानेच आले असे त्यांनी धरले.

मास्तर छापताना कधी डार्करूममध्ये थांबत नसत. त्या दिवशी थांबले. लाल दिव्याखाली घुबडरावांनी कागदावर उजेड पाडला आणि कागद डेव्हलपरच्या, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या पाण्याच्या, ट्रेमध्ये सरकवला. कोरा कागद पाण्यात हलत होता. ट्रेमध्ये नेहमी जे सगळ्यात गडद ते आधी येते. केस येतात, डोळ्यांची बुबुळे येतात, चेहरा मागून उमटतो. हे घुबडरावांनी हजारो वेळा पाहिले होते. या वेळी डोळ्यांच्या बरोबरीने डाग आले.

चेहरा अजून नव्हताच. पांढऱ्या कागदावर नुसते दोन डोळे आणि त्यांच्याखाली एक काळसर नाल, घोड्याच्या नालेसारखी, हनुवटीकडून दोन्ही गालांवर चढलेली. वरचा ओठ मोकळा. मग खाली, जिथे अजून हात आला नव्हता, तिथे बोटांच्या टोकांचे ठिपके. आणि नंतर, सावकाश, या सगळ्याच्या मागून टिल्ली आली आणि त्या दोघांकडे बघू लागली.

मास्तर ट्रेच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकले होते. "हीच," ते म्हणाले. "हीच होती बघा." आवाज ओळखू येत नव्हता. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाशी बोलावे तसा तो होता.

फोटो पुरता वाळू न देताच ते इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी दमट फोटो बाळाच्या चेहऱ्याशेजारी धरला. तीच नाल, तोच मोकळा ओठ, तीच बोटे. मग बाई मोठ्या डॉक्टरांना बोलवायला जवळजवळ पळतच गेल्या.

मोठे डॉक्टर फोटोकडे आणि बाळाकडे आळीपाळीने बघत राहिले. "सकाळी मी पाहिली ती हीच मुलगी?"

"हीच," मास्तर म्हणाले. "सकाळी तुम्ही मी साफ केलेली पाहिलीत. माझा धंदाच तो आहे, साहेब."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग बाईंना म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. आजच सुरू करा. रक्त पाठवा, पण उत्तराची वाट बघू नका."

औषध अगदी थोडे होते, चमच्यात मावणारे. ते सुरू झाल्यावर दोनतीन दिवसांनी एका सकाळी वहिनी खोलीतून ओरडत बाहेर आल्या. "अहो, तो रडत नाहीये! ऐकू येतंय का, तो रडत नाहीये!" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. टिल्लीची किरकिर अशीच एका सकाळी थांबलेली त्यांनी ऐकली होती. मास्तर आत धावले. घुबडराव दाराशी जेवणाचा डबा घेऊन आले होते. आत शांतता होती. मग मावशीचा आवाज आला, "अगं वेडाबाई, बघ तरी आधी! हसतोय मेला!"

बाळ उजेडाकडे तोंड करून पडले होते आणि छताकडे बघत खुदखुदत होते.

पुरळ नंतर भरभर वाळले. केस आले. मावशीने त्याचे नाव ढब्बू ठेवले, आणि काही महिन्यांनी ते शोभूही लागले. रक्ताचे उत्तर आले तेव्हा त्याची कुणाला गरज उरली नव्हती. औषध जन्मभर घ्यायचे, चुकवायचे नाही, एवढे बाईंनी बजावले.

इस्पितळातून निघताना वहिनींनी विचारलेच. "बाई, टिल्लीला हे दिलं असतं तर?"

"तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्याच डॉक्टरला नाही. मी स्वतः तेव्हा शाळेत होते."

"ते झालं. पण दिलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे टोपडे नीट केले. "वाचली असती," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पिशवी उचलली आणि ते पुढे चालू लागले.

घरी गेल्यावर वहिनींनी चौकटीतून जुना फोटो काढला आणि डागांचा बसवला. मावशी म्हणाली, "अगं, असा कशाला लावतेस? येणारेजाणारे काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या, "म्हणू देत. ही माझी. ती यांनी केलेली." त्यांनी हे रागाने म्हटले नव्हते, पण घुबडरावांनी मास्तरांकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. साफ केलेला फोटो मास्तरांनी कुठे ठेवला, ते कुणाला कळले नाही.

काच त्यांनी घुबडरावांकडे दिली. "राहू द्या तुमच्या अंधारात."

त्यानंतर मास्तर लहान मुलांच्या काचेला पेन्सिल लावेनात. मोठ्यांचे मुरूम, सुरकुत्या, हनुवट्या, सगळे पूर्वीसारखे. मूल आले की काच तशीच भिंतीपलीकडे. गिऱ्हाइके कुरकुरत. मोठे मालक चिडले, "अहो, नाकाखालचा शेंबूड तरी काढा!" मास्तर म्हणाले, "तो रुमालाने काढतात." हे ऐकून मालकांना हसू फुटले आणि विषय तिथेच राहिला.

रस्त्यात कुणाच्या कडेवर तान्हे मूल दिसले की मात्र मास्तर थबकत. त्याच्या तोंडाभोवती बघत. एकदा एका अनोळखी बाईला त्यांनी विचारलेही, "हे किती दिवस आहे हो? दूध कुठलं पाजता?" तिने मूल पदराखाली घेतले आणि पाय उचलला. घुबडराव बरोबर होते. त्यांना फार ओशाळे वाटले. मास्तरांना वाटले नसावे. ते त्या बाईच्या पाठीकडे बघत उभे होते, ती वळणाआड जाईपर्यंत.

घुबडरावांचेही एक झाले, पण ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. कुठलाही फोटो ट्रेमध्ये टाकला की पहिले काही क्षण त्यांचा श्वास अडे. लग्नाचा असो, शाळेचा असो. कोऱ्या कागदावर आधी काय येईल याची भीती वाटे. केस दिसले की ते श्वास सोडत.

मग रंगीत फोटो आले, काचा गेल्या, मास्तरांचे डेस्क कोपऱ्यात सरकले. मास्तर घरी बसले, तरी अधूनमधून चक्कर मारीत. ढब्बू मोठा झाला, नोकरीला लागला. आळसाने औषध चुकवले की त्याच्या नखांच्या कडा लाल होत, आणि मग बापलेकांत बोलणे बंद. "मी काय लहान आहे का?" तो म्हणे. मास्तर नुसती त्याची बोटे हातात घेऊन खिडकीकडे नेत.

घुबडराव डार्करूम सोडून कुठे जाणार? जुन्या गिऱ्हाइकांचे थोडे काम होते, तेवढे ते करत. एका दुपारी आत कागद उघडा असताना दारावर टकटक झाली. मास्तर दाराबाहेरूनच बोलले आणि गेले. घुबडरावांनी काम आवरल्यावर टिल्लीची काच शोधून काढली, फडक्याने कडा पुसल्या आणि खिडकीपाशी, त्या जुन्या डेस्कवर ठेवली. शेजारी पेन्सिलही ठेवली. मग विचार करून ती उचलली. पुन्हा ठेवली. मास्तरांना ती काच कशाला हवी होती हे त्यांना कळले नव्हते. तिला पुन्हा साफ करायचे होते, की नुसते बघत बसायचे होते? दाराआडून विचारता आले असते. त्यांनी विचारले नाही.

सकाळी ढब्बूच निरोप घेऊन आला.

ती काच अजून डेस्कवर आहे. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून घुबडराव रोज फडके टाकतात. सभेत दोन शब्द सुचले नाहीत, पण दारातून झालेले ते बोलणे त्यांना जसेच्या तसे आठवते.

"घुबडराव, उघडू का?"

"थांबा मास्तर, कागद बाहेर आहे."

"असू द्या. ती आमची काच तेवढी काढून ठेवा. उद्या येऊन जरा बसतो म्हणतो."

"काढतो. चहा सांगू?"

"नको, आता नको. उद्या घेऊ."

"पायरी ओली आहे हां, गुडघा सांभाळा."

"दिसतंय मला. मी काय घुबड आहे?"